विकलेल्या यंत्रातली मेख

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, आणि
मुख्य आयुक्त, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

महोदय/महोदया,

सादर नमस्कार. या पत्राची हिंदी प्रत टपालाने आपल्याकडे रवाना केली आहे. मराठीत ते इथे मांडते आहे, कारण यातलं दुखणं, म्हणजे विकून झालेल्या वस्तूवर सॉफ्टवेअरमधून उरणारी कंपनीची पकड, बडोद्यातल्या आणि बाहेरच्याही मराठी घरांच्या ओळखीचं आहे. त्यांनीही त्यावर बोलावं अशी माझी इच्छा आहे.

विकत घेतलेली वस्तू आपल्याला हवी तिथे दुरुस्त करून घेता यावी, या दुरुस्तीच्या हक्कासाठी आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिने हाती घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती बसली आणि मे २०२५ मध्ये तिने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग किती वेळात मिळतात, माहिती मिळते का, अपडेट किती वर्षं येतात, यावरून तिला गुण द्यायचे आणि ते गिऱ्हाइकाला विकत घेतानाच दिसायला हवेत, अशी ती कल्पना. हे काम चांगलं आहे आणि ते पुढे गेलं पाहिजे.

पण एक गोष्ट या सगळ्यातून निसटते आहे. वस्तू विकली, पैसे मोजून घेतले, पक्की पावती दिली. त्यानंतरही ती वस्तू दुरून बंद पाडण्याची, तिचं काम कमी करण्याची, दुसऱ्या हाताने केलेली दुरुस्ती नाकारण्याची ताकद कंपनीकडे शिल्लक राहते. ही ताकद सॉफ्टवेअरमधून येते आणि तिच्यावर आज आपल्या देशात कोणाची थेट देखरेख नाही. निर्देशांकाचे गुण कंपन्या स्वतःच जाहीर करणार आहेत. ज्याने मेख मारली त्यालाच मेखेबद्दल गुण द्यायला सांगितलं, तर गुण किती पडतील हे सांगायला नको.

मी बडोद्यात रावपुऱ्यात दुरुस्तीचं दुकान चालवते. सासरे रेडिओ दुरुस्त करायचे, मी बोर्ड दुरुस्त करते: एसीचे, वॉशिंग मशिनचे, मोबाइलचे, येईल ते. जवळच मरीमाताच्या खांच्यात, म्हणजे त्या नावाच्या गल्लीत, मोबाइलवाल्यांची गर्दी आहे. त्यांना जे जमत नाही ते कधी माझ्याकडे येतं, मला जमत नाही ते मी त्यांच्याकडे पाठवते. मी वकील नाही. पण कोणतं यंत्र खरोखर बिघडलं आहे आणि कोणतं बिघडल्याचं सोंग करतं आहे, हे मला टेबलावर रोज दिसतं.

दांडिया बाजारातल्या एका काकूंचं पाण्याचं प्युरिफायर बंद पडलं. घरी जाऊन पाहिलं. वीज होती, टाकीत पाणी होतं, फ्लोट स्विच ठीक, सोलेनॉइड ठीक. पंपाच्या वायरवर मीटर लावला तर २४ व्होल्ट यायला हवे तिथे शून्य. पंपाला बाहेरून अॅडाप्टर लावून वीज दिली, तर पाणी लगेच सुरू झालं आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, तेही अगदी व्यवस्थित आलं. मग पंप का अडला? कंट्रोल बोर्डवरच्या चिपमध्ये तासांचा मोजणीदार आहे. ठरावीक तास भरले की बोर्ड पंपाची वीज तोडतो आणि लाल दिवा लावतो. आता नीट ऐका: काकूंच्या मुलाने आदल्याच आठवड्यात फिल्टर नवे बसवले होते, बाजारातून आणून, त्याच मापाचे. बोर्डाला त्याचा पत्ताच नव्हता, कारण बोर्ड फिल्टरकडे पाहतच नाही, घड्याळाकडे पाहतो. मोजणीदार शून्यावर आणायची रीत कंपनीच्या माणसालाच ठाऊक, आणि वार्षिक करार भरल्याशिवाय माणूस येणार नाही असं फोनवर सांगण्यात आलं. काकूंनी मुकाट्याने करार भरला. माणूस आला, दोन बटणं एकत्र दाबून धरली, दिवा हिरवा झाला आणि तो निघून गेला. फिल्टरला त्याने हातही लावला नाही.

कंपनीचं म्हणणं आरोग्याचं आहे आणि त्यात तथ्य आहे. टीडीएस मीटरने सगळं कळत नाही, कार्बन फिल्टर वेळेवर बदललाच पाहिजे, हे मीही गिऱ्हाइकांना बजावते. दिवा लावा, भोंगा वाजवा, रोज वाजवा. पण इशारा देणं वेगळं आणि सत्तरीतल्या बाईचं पिण्याचं पाणी तोडून तिला कराराच्या खिडकीशी उभं करणं वेगळं. पहिल्यात तिची काळजी आहे. दुसरं निव्वळ अडवणूक आहे.

मे २०२४ मध्ये याच शहरात प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, ते आपल्याला आठवत असेल. मीटर वीज कंपनीचा असतो, ग्राहकाचा नव्हे. त्यामुळे तो वाद वेगळा. पण लोकांच्या पोटात भीती होती ती हीच: कुठेतरी बसलेला कोणीतरी कळ दाबेल आणि घर अंधारात जाईल. त्या भीतीवर कायद्यात निदान एक उतारा पूर्वीपासून आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची झाली, तर किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वीज कंपनीची तार, वीज कंपनीचा मीटर, बिलही थकलेलं, तरी नोटीस. आणि काकूंचं प्युरिफायर त्यांच्या मालकीचं, पूर्ण पैसे दिलेलं, एक रुपया बाकी नाही. तिथे नोटीस नाही, सुनावणी नाही, अपील नाही. हा उलटा न्याय आपण किती दिवस चालू देणार?

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. माझ्याकडे एकाच घरातले एकाच मॉडेलचे दोन फोन आले. एकाची काच फुटलेली, दुसऱ्याचा बोर्ड पाण्याने गेलेला. साधा हिशेब: चांगला डिस्प्ले चांगल्या बोर्डावर बसवायचा, एक फोन उभा राहतो. बसवला. चित्र उत्तम, स्पर्श उत्तम. पण फोनने सांगितलं की भाग अनोळखी आहे, आणि उजेडाप्रमाणे पडद्याची चमक आपोआप कमी-जास्त होणं बंद केलं. डिस्प्ले त्याच कंपनीचा, त्याच कारखान्यातला, त्याच घरात विकत घेतलेला. फरक एवढाच की डिस्प्लेच्या पट्टीवरच्या छोट्या चिपमध्ये जो नंबर आहे तो बोर्डाच्या वहीत नोंदलेला नाही. आम्ही मग प्रोग्रामर नावाचं छोटं यंत्र लावून जुन्या डिस्प्लेचा नंबर वाचतो आणि नव्यावर लिहितो. पुष्कळ वेळा चालतं. पुढचं अपडेट येतं आणि पुन्हा नाही चालत.

इन्व्हर्टर एसीत तर हे आणखी कठीण आहे. बाहेरच्या युनिटचा बोर्ड जळला आणि त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड मिळवला, तरी तो अनेकदा कोरा असतो. कॉम्प्रेसर कोणता, पंखा कोणता, किती वेगाने फिरवायचा, ही माहिती आठ पायांच्या एका मेमरी आयसीत, म्हणजे चिपमध्ये, असते आणि ती भरण्याचं साधन फक्त सर्व्हिस सेंटरकडे. मग जळक्या बोर्डवरून तो आयसी हॉट एअरने उचलायचा, पाय साफ करायचे, नव्या बोर्डवर डाग द्यायचे. आयसी स्वतःच जळला असेल तर खेळ संपला. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात ते कुटुंब नवा एसी हप्त्यावर घेतं. त्या आयसीत जे आहे ते काही गुपित नव्हे. ते त्या गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या यंत्राचं वर्णन आहे.

हे बदलता येत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने मार्च २०२४ मध्ये कायदा केला आणि भागांना नंबराने जखडून दुरुस्ती अडवण्यावर बंदी घातली. त्यानंतर महिन्याभरातच ॲपलने जाहीर केलं की जुन्या फोनमधून काढलेले अस्सल भाग दुसऱ्या फोनमध्ये बसवून चालवता येतील अशी सोय ते करणार आहेत, आणि तशी सोय त्यांच्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत आलीही. जे तंत्राने अशक्य होतं म्हणतात, ते कायदा दाराशी आल्यावर शक्य झालं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या दुरुस्ती निर्देशात तर सरळ म्हटलं आहे की सबळ आणि वस्तुनिष्ठ कारण असल्याखेरीज उत्पादकाने करारातून, हार्डवेअरमधून किंवा सॉफ्टवेअरमधून दुरुस्तीच्या आड यायचं नाही. तो तिथल्या देशांत लागू करण्याची तारीख ३१ जुलै २०२६ ठरली आहे.

पोलंडमधली रेल्वेची हकिगत आपल्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. तिथल्या लोअर सिलेसिया प्रांताच्या रेल्वेने नेवाग कंपनीच्या गाड्या घेतल्या होत्या. २०२२ मध्ये त्यांची मोठी देखभाल दुसऱ्या एका स्वतंत्र कारखान्याकडे होती. काम चोख झालं, सगळ्या चाचण्या ठीक, पण गाड्या हलेनात. हात टेकल्यावर कारखान्याने ड्रॅगन सेक्टर नावाच्या तरुण तंत्रज्ञांच्या गटाला बोलावलं. त्यांनी गाडीच्या संगणकातला प्रोग्राम उलगडला आणि डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे मांडला. गाडी अमुक अक्षांश-रेखांशावर ठरावीक काळ उभी राहिली तर बंद पड, असा आदेश त्यात त्यांना सापडला, आणि ते अक्षांश-रेखांश प्रतिस्पर्धी कारखान्यांच्या आवारांचे होते. नेवागने आरोप फेटाळले आणि त्या गटाला कोर्टात खेचलं. निकाल काय लागायचा तो लागो. पण ज्या प्रवाशांच्या पैशातून त्या गाड्या आल्या त्यांना, आणि त्या चालवणाऱ्या रेल्वेला, आपल्या गाडीत काय लिहून ठेवलं आहे हे पाहण्याची वाट नव्हती. सरकारी खरेदीदाराची ही गत, तर माझ्या काकूंची काय कथा?

आपल्याकडच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतही याचीच लहान आवृत्ती आहे. छोटे जॉब शॉपवाले, म्हणजे दुसऱ्यांची सुटी कामं करून देणारे कारखानदार, खास कामासाठी बनवलेली यंत्रं घेतात, बऱ्याचदा सेकंडहँड. यंत्राचा पीएलसी, म्हणजे त्याला हुकूम देणारा छोटा संगणक, बनवणाऱ्याने पासवर्डने बंद केलेला असतो. आतला प्रोग्राम काही जुन्या कंट्रोलरमध्ये एका बॅटरीच्या जिवावर टिकून असतो. बॅटरी उतरली की प्रोग्राम गेला. शहाणा मालक आधीच त्याची प्रत काढून ठेवेल, पण पासवर्ड असल्याने प्रत काढता येत नाही, आणि पासवर्ड देणारी कंपनी कधीच बंद झालेली असते. लोखंड शाबूत, मोटर शाबूत, बेअरिंग शाबूत, आणि यंत्र भंगाराच्या भावात. कामगाराचा पगार त्या महिन्यात मालक पदरमोड करून देतो. हा मालक ग्राहक कायद्याच्या व्याख्येतही नीट बसत नाही, कारण त्याने यंत्र धंद्यासाठी घेतलं; स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असेल तरच तो ग्राहक. त्याचाही विचार व्हायला हवा.

पादरा-डभोईकडच्या शेतकऱ्याची पाळी आता येते आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे कडक नियम लागू झाले. ते पाळण्यासाठी इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. धूर कमी झाला हे चांगलंच. पण त्याबरोबर गावच्या मिस्त्रीच्या हातातून ट्रॅक्टर निसटायला लागला. अमेरिकेत याच दुखण्यावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअरवर खटला भरला. आपल्याकडे ट्रॅक्टर अजून बहुतांशी साधे आहेत, म्हणूनच नियम आत्ता करणं सोपं आहे. पेरणीच्या हंगामात कुलूप पडल्यावर समिती नेमून उपयोग नाही.

कंपनीचा सर्व्हर बंद झाल्यावर निकामी होणाऱ्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही, कारण ते आता सर्वांना ठाऊक आहे. गूगलच्या नेस्टने रिव्हॉल्व नावाचं घरातली उपकरणं चालवणारं यंत्र मे २०१६ मध्ये दुरून कायमचं बंद केलं. ते जवळजवळ ३०० डॉलरना विकलेलं होतं. त्याहून जिवाला लागलेली गोष्ट आर्गस या कृत्रिम दृष्टिपटलाची. साडेतीनशेहून अधिक अंध माणसांच्या डोळ्यांत ते बसवलं होतं. बनवणाऱ्या सेकंड साइट कंपनीने ते काम सोडून दिलं, आणि डोळ्यात यंत्र असलेली माणसं दुरुस्तीविना, सुट्या भागांविना वाऱ्यावर पडली. वस्तू शरीराच्या आत गेल्यावरसुद्धा तिची नाडी दुसऱ्याच्या हातात राहू शकते, हे त्यातून जगाला कळलं.

आता कायद्याकडे येते. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. माल विक्री अधिनियम १९३० चं कलम १४ सांगतं की विकत घेणाऱ्याला माल निर्वेधपणे ताब्यात ठेवता येईल आणि त्याचा उपभोग घेता येईल, ही हमी विक्रीच्या करारात न लिहिताही धरलेली असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ४३ सांगतं की मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकाच्या कामात अडथळा आणला तर भरपाई द्यावी लागेल, आणि त्या कायद्यातली संगणकाची व्याख्या चांगली रुंद आहे. या दोन कलमांपुढे दुरून टाकलेलं कुलूप टिकू नये.

ते टिकतं, कारण ‘मान्य आहे’ या बटणावर बोट टेकवल्याशिवाय वस्तू सुरूच होत नाही. त्या बटणामागच्या पन्नास पानांत आपण परवानगी दिलेली असते आणि हमी सोडून दिलेली असते. दुकानातून वस्तू घरी आणली, खोकं फाडलं, आणि मग अटी दिसतात. नको म्हणायला जागा कुठे आहे? ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ ने यासाठीच ‘अन्याय्य करार’ ही कल्पना आणली: ग्राहकावर अवाजवी अट लादणारा, किंवा एका बाजूला कारणाविना करार मोडायची मुभा देणारा करार रद्द ठरवता येतो. पण इथेच खरी गोम आहे. जिल्हा आयोगाला अशा करारावरची तक्रार ऐकण्याचा अधिकारच दिलेला नाही. तो राज्य आयोगापासून पुढे. पाच लाखांपर्यंतच्या मालाची साधी तक्रार बडोद्यातल्या जिल्हा आयोगात फी न भरता करता येते. पण त्याच प्युरिफायरच्या करारातली अट अन्याय्य आहे असं म्हणायचं, तर अहमदाबादच्या राज्य आयोगाकडे जायचं. तक्रार आता ऑनलाइन दाखल होते हे मान्य. तरी पंधरा हजारांच्या वस्तूसाठी राज्य आयोगात वकील कोण लावेल? अधिकार कागदावर राहतो तो असा.

म्हणून मी नव्या कायद्याची वाट पाहायला सांगत नाही. प्राधिकरणाच्या हातात आज, आत्ता, पुरेसं सामर्थ्य आहे. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे आपण अनुचित व्यापार प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढू शकता, आपणहून चौकशी करू शकता. कलम २० प्रमाणे ग्राहकहिताला बाधक प्रथा बंद करण्याचा आदेश देऊ शकता. हे आपण करूनही दाखवलं आहे. वेबसाइट आणि ॲपमधल्या फसव्या मांडणीविरुद्ध ३० नोव्हेंबर २०२३ ला आपण तत्त्वं काढली, तेरा प्रकार नावानिशी सांगितले, वर्गणीचा सापळा त्यात घातला. पडद्यावरचा सापळा ओळखलात, तसाच बोर्डवरचा ओळखा. स्पर्धा आयोगानेही ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि बिघाड तपासण्याची साधनं त्या खुल्या बाजारात देत नव्हत्या. पुढे अपिलं झाली, रकमा बदलल्या, पण तत्त्व ते: विकलेल्या गाडीच्या दुरुस्तीची मक्तेदारी विक्रीबरोबर येत नाही. तेव्हा प्रश्न पान्याचा आणि स्कॅनरचा होता. आज तोच प्रश्न कोडचा आहे.

मला त्या तत्त्वांत काय हवं आहे ते सांगते. विक्रीनंतर वस्तूचं कोणतंही काम मालकाच्या स्पष्ट, वेगळ्या संमतीविना काढून घेता येऊ नये, आणि संमती दिली नाही म्हणून उरलेलं काम अडवता येऊ नये. सुरक्षेसाठी काही थांबवणं खरोखर गरजेचं असेल, म्हणजे बॅटरी पेट घेण्याचा धोका वगैरे, तर कारण लेखी द्यावं, प्राधिकरणाला कळवावं आणि गिऱ्हाइकाला दुरुस्ती किंवा पैसे परत मिळावेत. मोजणीदार, बिघाडाचे कोड आणि ते पुसण्याची रीत मालकाला फुकट आणि दुरुस्तीवाल्यांना वाजवी किमतीत मिळावी. एका वस्तूतला अस्सल भाग दुसरीत बसवला तर त्याने पूर्ण काम करावं. तो बदललेला आहे अशी नोंद दिसली तर माझी हरकत नाही, उलट जुना फोन घेणाऱ्याला ती उपयोगीच पडेल. खोक्यावर, ठळक अक्षरांत, वस्तूचं कोणतं काम कंपनीच्या सर्व्हरविना चालत नाही आणि तो सर्व्हर कोणत्या तारखेपर्यंत चालेल याची हमी छापावी. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंच्या उत्पादकांना सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करावंच लागतं; आपल्याला ते जमू नये असं काही नाही. आणि सर्व्हर बंद करायची वेळ आली, तर जाता जाता घरच्या घरी यंत्र चालेल असं शेवटचं अपडेट द्यावं, कुलूप काढून ठेवावं.

चोरीचा मुद्दा कंपन्या हमखास पुढे करतील. चोरीचे फोन फोडून भाग विकले जातात हे खरं आहे, आणि नंबरांची जखडण त्याला आळा घालते असं त्या म्हणतात. माझं उत्तर साधं आहे. आपल्याच सरकारने मे २०२३ मध्ये देशभर सुरू केलेल्या संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन मालकाच्या तक्रारीवरून बंद होतो आणि सापडला की मालकाच्याच विनंतीवरून सुरू होतो. किल्ली मालकाच्या हातात ठेवूनही चोराला अडवता येतं. भागांचंही तसंच करा: चोरीला गेलेल्या फोनचा भाग अडवा, बाकीच्या भागांना मोकळं सोडा. मी स्वतः पावतीशिवायचा फोन उघडत नाही. बनावट माल विकणाऱ्यावर कारवाई झाली तर मला आनंदच आहे. पण बनावट माल विकणारा आणि अस्सल भाग बसवणारा यांना एकाच तागडीत घालू नका. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६५अ मध्ये कुलूप तोडण्याचा गुन्हा हा हक्कभंगाच्या हेतूने केलेल्या कृत्याचा आहे, दुरुस्तीचा नव्हे. हे आमच्यातल्या कोणाला धड माहीत नसतं, आणि नोटीस आली की माणूस घाबरून काम सोडून देतो. दुरुस्तीसाठी कुलूप उघडणं गुन्हा नाही, एवढं एक वाक्य आपल्या पोर्टलवर हिंदीत, गुजरातीत, मराठीत छापलंत तरी कितीतरी दुकानं निर्धास्त होतील.

ज्या शहरातून हे लिहिते आहे त्याच्याबद्दल एक सांगते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जरांनी ते उभं केलं ते कारागिरांच्या मुलांना मातृभाषेतून तंत्र शिकता यावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्या काळी यंत्र उघडून पाहणं हे शिक्षण होतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळपर्यंत रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. नवशिक्याला तेवढ्यावर काम शिकता यायचं. आज आयटीआयची मुलं माझ्याकडे उमेदवारीला येतात. त्यांना डाग देता येतो, मीटर धरता येतो, पण नकाशा देता येत नाही, कारण तो कोणालाच मिळत नाही. परदेशी टेलिग्राम ग्रुपवरून चोरून आणलेल्या नकाशांवर आम्ही एका पिढीला शिकवतो आहोत. पर्यावरणपूरक जीवनशैलीच्या मिशन लाइफचं उद्घाटन पंतप्रधानांनी २० ऑक्टोबर २०२२ ला केलं ते इथून दीड-दोन तासांवरच्या एकतानगरला, आणि आपल्या विभागाने दुरुस्तीचा हक्क त्या मिशनशी जोडला. वस्तू जपून वापरा असं आम्हाला सांगितलं जातं. आम्ही जपतोच. जपलेली वस्तू बंद पाडणाऱ्याला कोणी काही सांगावं, एवढं मागते आहे.

मसुदा काढाल तेव्हा सूचना मागवण्याची मुदत पुरेशी ठेवा आणि ती फक्त इंग्रजीत काढू नका. कंपन्यांच्या संघटनांना आपण बोलावताच. त्याच टेबलावर मरीमाताच्या खांच्यातला एखादा मोबाइलवाला, मकरपुऱ्यातला एखादा जॉब शॉपवाला आणि पादऱ्याचा एखादा ट्रॅक्टर मिस्त्रीही बोलवा. दिल्लीला येणं परवडत नसेल त्यांच्यासाठी एक बैठक बडोद्यात ठेवा. कुलूप पडलेले बोर्ड, कोरे बोर्ड, नंबर जुळत नाही म्हणून रुसलेले डिस्प्ले आम्ही घेऊन येऊ, आणि कोणत्या यंत्रात बिघाड आहे नि कोणत्यात फक्त मेख आहे, ते मीटर लावून आपल्यासमोर दाखवू.

आपली,
एक दुरुस्ती कारागीर
रावपुरा, बडोदा